रिकामा ताबा

१

सारसोळ्याच्या काशीबाईची सकाळ मागच्या खोलीतल्या आवाजांवर चालायची. मधली भिंत कुडाची, शेणाने लिंपलेली. पलीकडे कोणी कूस बदलली तरी अलीकडे कळावं अशी. जयदेवने अंथरूण झटकलं की काशीने चूल पेटवायची. त्याचा स्टोव्ह विझला की मासळीची पाटी भरायला घ्यायची. आणि त्याने खाडीकडचं दार ओढून घेतलं, की मुलाला, रोहिदासला, हलवून उठवायचं. घड्याळ त्या घरात नव्हतं आणि कधी अडलंही नव्हतं.

जयदेव मूळचा नावड्याचा. मिठागरावर वजनं लिहायची नोकरी लागली आणि रोज एवढं चालणं जमेना, तेव्हा काशीच्या नवऱ्याने, धर्मराजने, त्याला मागची खोली दिली. कागद नाही, करार नाही. महिन्याचं भाडं महिन्याला, दोघांचं जमेल तोवर राहा, एवढंच बोलणं. त्याच पावसाळ्यात धर्मराज तापाने गेला, आणि घराबरोबर भाडेकरूही काशीच्या वाट्याला आला.

खोलीचं दार खाडीकडे उघडायचं. घरातून खोलीत जायला एक मधलं दारही होतं, पण भाडेकरू येणार हे ठरलं तेव्हाच काशीने त्याच्यापुढे भाताची कणगी उभी केली होती. परक्या पुरुषाची खोली ती, तिथे बाईमाणसाने कशाला जावं?

जयदेव मिठागरावर गेला तरी खोली गप्प होत नसे. बसल्या जागेवरून कोणी जरासं सरकावं, तसा आवाज यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा सरकणं. काशीला त्यात वावगं वाटत नव्हतं. जयदेवची म्हातारी आई आत असते, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक म्हणजे, एकदा भर दुपारी बोंबील वाळत घालताना अर्धवट उघड्या दारातून तिने पाहिली होती. भिंतीकडे तोंड करून बसलेली, अंगावर विटकं लुगडं, मोकळे पांढरे केस. काशीने हाक मारली, पण ती वळली नाही. डोक्याने अधू असेल, काशीच्या मनात आलं; लेकाला चारचौघांत सांगायला लाज वाटत असेल. त्यानंतर तिने त्या दारात डोकावायचं टाळलं. झाकलेलं कशाला उघडा.

सांजेला जयदेव विहिरीवर दोन ताटं घासायला बसायचा. काशी पाण्याला गेली की चौकशी करायची.

"म्हातारी जेवली का रं?"

"जेवली. आज भात टाकला थोडा."

"पन बरी हाय ना?"

"हाव, काशीबाय. बरी हाय." आणि तो तिच्याकडे असा बघत राहायचा, जणू तिने अजून काहीतरी बोलायला हवं होतं. काय, ते काशीला कधी समजलं नाही. ती घागर उचलून निघून जायची.

२

त्रेसष्ट साली रोहिदासचं लग्न ठरलं. मुलगी सानपाड्याची, चंदा नावाची, हसरी आणि कामाला वाघीण. तिच्या बापाने हुंड्याचा-मानपानाचा घोळ घातला नाही. एकच गोष्ट मागितली. "पोरीला निजाला येगली खोली पायजे. तुमच्या घरात तुमी मायलेक एका खोलीत निजता, हे मी डोल्यांनी बगितलंय."

रोहिदास बेलापूरच्या बंदरावर लाँचची तिकिटं फाडायचा. तापट. घरी येता येताच त्याने निकाल लावला.

"उद्याच त्याचं सामान भायेर काढतो आन् कुलूप ठोकतो. घर आपलं, खोली आपली."

"आत म्हातारं मानूस हाय," काशी म्हणाली. "कोनाचा तलतलाट घेऊन मी सून आननार नाय. काय व्हायचं ते रीतीनं होऊं दे."

रीत समजून घ्यायला ती शिडाच्या मचव्याने पनवेलला गेली. बाजारापाठी एका माडीवर वकील बसायचे. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. तिच्या पाटीला मासळीचा वास येत होता तरी नाक मुरडलं नाही, म्हणून काशीचा त्यांच्यावर विश्वास बसला.

"मुलाचं वागणं चुकलं असतं, बाई," ते म्हणाले. "कुलूप फोडायचं नाही, सामान फेकायचं नाही, पाणी तोडायचं नाही. महिन्यामहिन्याचा भाडेकरू असला तरी त्याचा हक्क आपोआप संपत नाही, संपवावा लागतो. शहरात असतात तर खोलीची खरोखर गरज आहे हे कोर्टाला पटवावं लागलं असतं. तुमच्या गावाला तो भाड्याचा कायदा अजून लागलेला दिसत नाही. तेव्हा लेखी नोटीस पुरे. महिना संपायच्या किमान पंधरा दिवस आधी त्याच्या हातात पडली पाहिजे, आणि मुदत महिन्याच्या अखेरीलाच संपली पाहिजे. त्यापुढचं भाडं मात्र घेऊ नका. घेतलंत, तर तुम्हीच त्याला पुन्हा ठेवून घेतलं असं होईल."

"आन् नाय गेला तर?"

"तर दावा. पण आधी नोटीस. खोलीत कोण कोण राहतं?"

"तो आन् त्याची आई."

"आईचं नाव?"

काशीला सांगता येईना. वर्ष उलटून गेलं होतं भिंतीला भिंत लावून, आणि म्हातारीचं नाव तिने कधी विचारलंच नव्हतं.

"असू दे, अडत नाही," वकील म्हणाले. "जे त्याच्या आधाराने राहतात ते त्याच्याबरोबर निघतात. त्याचं एकट्याचं नाव घालू. मात्र ताबा रिकामा घ्या. आधी आत जाऊन बघा, मगच किल्ली घ्या. अर्धा ताबा म्हणजे ताबा नव्हे."

काशीने मान डोलावली. येताना मचव्यात बसून ती त्या म्हातारीचाच विचार करत होती. या वयात तिला हलवायचं म्हणजे पाप. पण पोराचा संसारही उभा राहायला हवा होता.

३

पोलीस पाटील नामदेव याला साक्षीला घेऊन तिने नोटीस जयदेवच्या हातात दिली. त्याने उभ्या उभ्या वाचली. चिडला नाही, रडला नाही.

"यात माझं एकट्याचंच नाव हाय," तो म्हणाला.

"तुझं पुरे हाय, वकील बोलला."

"तसं असंल तर बरंच हाय." त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. काशीला वाटलं होतं तो मुदत मागेल, म्हातारीकडे बोट दाखवेल. त्याच्या चेहऱ्यावर मात्र ओझं उतरलेल्या माणसासारखं काहीतरी होतं.

महिन्याच्या अखेरच्या सकाळी तो निघाला. ट्रंक, स्टोव्ह, अंथरुणाची वळकटी त्याने खाडीच्या काठाला लागलेल्या होडीत नेऊन टाकली. मग अंगणात येऊन काशीच्या हातात किल्ली ठेवली आणि खाली वाकून पाया पडला. काशीला भरून आलं.

"आईला सांभालून ने रं," ती म्हणाली. "होडीत चढवाला रोहिदासला हाक मारू काय?"

"कोनाच्या आईला?"

"तुझ्या."

जयदेव सरळ उभा राहिला. "माझी आई मी पोर असताना गेली, काशीबाय."

काशी हसली. हसू तोंडावरच राहिलं. "मग आत कोन बसते?"

"तुमची म्हातारी." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "तुमची सासू का कोन ती. मी पयल्या दिवशी आलो तवा आतच बसली व्हती. मना वाटलं, तुमच्या घरचं मानूस, मधल्या दारानं येत-जात असंल. घरमालकाच्या म्हातारीला ऊठ कसं बोलायचं? तुमी रोज विचारायच्या, जेवली का, बरी हाय का. मी सांगायचो."

"मधलं दार बंद हाय," काशी म्हणाली. "कनगी लावलेली हाय त्याला. तू येयाच्या आधीपासून."

दोघांपैकी कोणीच त्या खोलीकडे पाहिलं नाही. होडीवाल्याने काठावरून हाक दिली, ओहोटी लागत होती.

"तू तिच्याशी बोललास कदी?"

"मी बोलायचो. ती नाय बोलली." जयदेवने ओठांवरून जीभ फिरवली. "मी ओट्यावर निजायचो. पावसात आत. तिच्याकडं पाठ करून." तो दोन पावलं मागे सरकला, मग थांबला. "शिमग्याला घरी गेलो व्हतो, आठवतं? परत आलो तवा ती कोपऱ्यात नव्हती. मधल्या दाराला कपाल लावून बसली व्हती. मी आत बसलो, बोललो, जेवलो, तवा मग कोपऱ्यात गेली. काशीबाय, तिला एकटी नका ठेवू."

एवढं बोलून तो जवळजवळ धावतच गेला. होडी तिवरांच्या आड जाईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

४

ऊन चांगलं वर आलं होतं. शेजारची पुतळा वलांडीवर बोंबील टांगत गाणं म्हणत होती. अशा वेळी भ्यायचं म्हणजे हसं व्हायचं, असं स्वतःशी म्हणत काशीने खोलीचं दार ढकललं.

आत कोणी नव्हतं. चार भिंती, एक खुंटी, जमिनीवर स्टोव्हच्या रॉकेलचा डाग. खिडकीतून खाडीचा वारा येत होता. तिने कोपरे पाहिले, वर वाशांकडे पाहिलं. सुटकेचा श्वास सोडला, आणि मग तिची नजर मधल्या दारावर गेली.

फळीवर एक गोल डाग होता. तेलकट, ओलसर. जमिनीवर बसलेल्या माणसाचं कपाळ जिथे टेकेल, त्या उंचीवर.

"सूड घेतला त्यानं," संध्याकाळी रोहिदास म्हणाला. "नोटीस दिली म्हनून जाता जाता भ्या घालून गेला. तेलाचा हात लावला असंल फलीला."

"मी स्वतः बगितली व्हती रं तिला."

"काय बगितलंस? पाठ! भायेर ऊन, आत अंधार. वळकटीवर लुगडं टाकलं तरी मानूस वाटंल."

"पुरुषमानसाच्या खोलीत लुगडं कुठून येईल?"

त्यावर रोहिदास ओरडला. खरं सांगायचं तर काशीलाही त्याचंच म्हणणं खरं ठरायला हवं होतं. लग्नाची हळद दळायची होती, मांडवाची मेढ रोवायची होती. घरात हे असलं काही मान्य करायला जागाच नव्हती.

रोहिदासने खोलीला चुना काढला आणि मधलं दार निळ्या तेलरंगाने रंगवलं. आता खोली घरचीच, म्हणून कणगीही हलवली. रंग वाळला. पुढच्या सकाळी काशीने पाहिलं तर निळ्यावर तो डाग पुन्हा उमटला होता, होता त्याच जागी. तिने चिंचेने घासला, राखेने घासला. दुपारी चूल सारवताना तिला पलीकडून सरकल्याचा आवाज आला. उंदीर असेल, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. पण उंदीर थांबून थांबून, दर खेपेला थोडं जवळ येत, दाराशी येऊन टेकत नाही, हे तिचं तिलाच समजत होतं.

तिने फळीला कान लावला नाही. तेवढं धैर्य तिच्यात नव्हतं.

५

लग्न थाटात झालं. वऱ्हाड सानपाड्याहून वाजतगाजत आलं, धवलारणीने लग्नाची गाणी म्हटली, घर माणसांनी भरलं. त्या गर्दीत काशीला दिलासा वाटला. इतक्या माणसांच्या घरात काय टिकणार? पाहुणे त्या खोलीत निजले, तिथेच जेवले, पत्ते खेळले, आणि कोणी काही बोललं नाही.

मग पाहुणे पांगले. रोहिदास बंदरावर जायला लागला. काशी सकाळी पाटी घेऊन बाहेर पडली आणि सूर्य डोक्यावर आल्यावर परतली. चंदा ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. सासूला बघून लगबगीने उठली, पाणी दिलं. जरा रुसल्यासारखी दिसत होती.

"काय झालं गो?"

"काय नाय, आये. पन मना अगोदर सांगाचं व्हतं. घरात आजी हाय हे मना कोनी बोललंच नाय. लग्नात मी सगल्यांच्या पाया पडली, त्यांच्याच तेवढ्या ऱ्हायल्या. काय वाटलं असंल त्यांना?"

काशीच्या हातातला तांब्या कलंडला.

"मग आता पडली मी," चंदा म्हणाली. "दार लोटलं तर पलीकडं दाराशीच बसलेल्या. त्यांचे पाय किती गार हायत, आये. ओल्या भुईवर बसून ऱ्हायल्यात काय? मी बोलली, पुढं या, चुलीजवल बसा."

"आली?"

"नाय. पन हसल्या वाटतं. तोंड नीट दिसलं नाय मना, केस पुढं आलेले."

काशीने सुनेचा दंड धरला तो इतक्या जोरात, की पोर कळवळली. "तू तिला घरात ये बोललीस?"

"मग? आपलं मानूस ना?" चंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "माजं काय चुकलं?"

काशीने तिच्याकडे पाहिलं. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, हातावरची हळद अजून गेली नव्हती. हिला काय सांगायचं? सांगितलं तर ती आजच सानपाड्याला निघून जाईल, आणि रोहिदास आईला वेडी ठरवेल. नाही सांगितलं, तर ती रोज दुपारी या घरात एकटी असेल.

"तुजं काय चुकलं नाय," ती म्हणाली. "जा, माझं अंथरूण आन."

६

रोहिदास संध्याकाळी खूप चिडला. ज्या खोलीसाठी एवढा खटाटोप केला, ती आई स्वतःला घेते म्हणजे काय? काशीने ऐकून घेतलं.

"मना खाडीचा वारा पायजे," ती म्हणाली. "पुढच्या खोलीत जीव कोंडतो. तुमी दोघं पुढं निजा. आन् दुपारचं मना कोनी हाक मारू नका, मी पडलेली असंन. पाटीला आता चंदानं जावं."

"ती नवी नवरी मासली इकाला जाईल?"

"जाईल. मी पन गेली व्हती."

रात्री चंदाने सासूची वळकटी मागच्या खोलीतल्या खाटेवर मांडून दिली, उशी नीट केली, आणि मधल्या दारापाशी घुटमळून, तिथे कोणीच नाही असं बघून, गोंधळल्यासारखी परत गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तेव्हा घर शांत होतं. चंदा पुतळाबरोबर बाजाराला गेली होती. काशी खाटेच्या कडेवर बसून होती. खाडीला भरती होती, खिडकीखाली पाणी चुळचुळत होतं. तिने जाळं घेतलं होतं विणायला, पण हात चालत नव्हते.

मान न वळवता तिला कळलं. मधल्या दाराशी, भिंतीला लागून, विटक्या लुगड्याचा काठ दिसत होता.

"आजी," काशी म्हणाली. आवाज तिने माणसाशी बोलावं तसा ठेवला. "ही खोली माजी हाय. माज्या मालकानं बांदलेली. तू कोनाची, मना ठावं नाय. काय पायजे असंल ते सांग, गावदेवीला देईन. पन जा."

लुगड्याचा काठ हलला नाही.

"इथं पोरं नांदायची हायत. तू जा गो."

बाहेर अंगणात पावलं वाजली. ओटीवर रिकामी पाटी आदळल्याचा आवाज आला, आणि चंदा कोणाशी तरी बोलत, हसत घरात शिरली. सगळी मासळी लवकर खपली होती, तेच ती मोठ्याने पुतळाला सांगत होती.

तेव्हा ती म्हातारी हलली. डोकं सावकाश त्या हसण्याच्या दिशेला वळलं. केसांआडून गालाची एक कड दिसली, आणि काशीने डोळे गच्च मिटून घेतले, कारण त्या कडेपुढे जे असायला हवं होतं ते तिथे नव्हतं. मिटल्या डोळ्यांनी तिला ऐकू आलं: तळवा जमिनीवर टेकल्याचा आवाज, अंग उचलल्याचा आवाज. मग दाराच्या फळीवर नखं टेकली.

काशी खाटेवरून उतरली. ती भिंतीच्या आधाराने पुढे गेली, जमिनीकडेच बघत, आणि दाराच्या अगदी जवळ येऊन थांबली.

"कुठं जातेस?" ती म्हणाली. "मी हाय ना. मी बसते तुज्याजवल."

नखं फळीवरून निघाली. जमिनीवर काहीतरी सरकलं. म्हातारीने एका अंगाला होऊन तिच्यासाठी जागा केली.

भुई खरंच ओली होती. काशी त्या जागेवर बसली, दाराला पाठ लावून.

"आये, जेवाला येता?" चंदाने पलीकडून विचारलं. तिचा हात कडीवर पडलेला काशीला पाठीला जाणवला.

"नको उघडू. तू जेव गो, बाय," काशी म्हणाली. "मना भूक नाय."

हात कडीवरून निघाला. पलीकडे ताट मांडल्याचा आवाज आला. मग काशीच्या खांद्यावर एक डोकं टेकलं, लहान मुलाचं टेकावं तसं हलकं. तिने अंग आखडून घेतलं नाही. ती बोलायला लागली, काय सुचेल ते, धर्मराजचं, भरती-ओहोटीचं, पोरांचं. आणि ती बोलत राहिली तसं ते डोकं हळूहळू जड होत गेलं.